‘सिस्टिम रिस्टोअर’ने डिलीट झालेल्या फाइल परत येत नाहीत

‘जुन्या लॅपटॉपवरच्या फाइल चुकून उडाल्या? सिस्टिम रिस्टोअर करून कालची तारीख निवडा, सगळं परत येईल,’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. विंडोजची ही सोय सिस्टिमच्या फाइल, ड्रायव्हर आणि सेटिंग मागच्या स्थितीला नेते. तुमचे फोटो आणि कागदपत्रं तिच्या कक्षेत येतच नाहीत. उलट त्या खटाटोपात डिस्कवर नवं लिखाण होतं, आणि घात तिथेच होतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा फिरती हार्ड डिस्क असते. तिच्यावरची फाइल डिलीट केली की मजकूर लगेच पुसला जात नाही, फक्त ती जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत आशा असते. म्हणून आधी रीसायकल बिन बघा (शिफ्ट दाबून डिलीट केलं असेल तर तिथे काही सापडणार नाही). नसेल तर लॅपटॉप बंद करा. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणं म्हणजे हरवलेली वस्तू शोधताना तिच्यावरच माती लोटणं. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडा आणि सापडलेलं तिकडेच साठवा. ‘फोटोरेक’ हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं आहे. मात्र फाइलींची मूळ नावं बहुतेकदा परत मिळत नाहीत.

डिस्कच्या जागी एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवण करणारी डिस्क) बसवली असेल तर गणित बदलतं. विंडोज ७पासून असलेल्या ‘ट्रिम’मुळे (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवून ती साफ करू देणारी सोय) डिलीट झालेला मजकूर बऱ्याचदा थोड्याच वेळात कायमचा जातो.