अँटिव्हायरस बंद करा म्हणे!

‘रिव्हर्स इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांना कोणीही न सांगणाऱ्या पाच गोष्टी’ हा मेसेज इंजिनिअरिंगच्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. (रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणजे तयार प्रोग्रॅम उकलून तो आतून कसा चालतो ते शोधणं.) मी सोडूनही दिला असता, पण परवा भाच्याने तो पुढे ढकलून विचारलं, “मामा, यातल्या लिंकवरून घेऊ का?” मेसेजचा सारांश असा: डीबगर (चालता प्रोग्रॅम थांबवत थांबवत आतून तपासायचं साधन) एकच, तो म्हणजे ऑलीडीबीजी. गिड्रा हे कोड उलगडून वाचायचं टूल अमेरिकन हेरखात्याचं, तेव्हा हात लावू नका. विनडीबीजी हा मायक्रोसॉफ्टचा डीबगर फक्त ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांसाठी. फुकटची टूल्स म्हणजे पोरखेळ. खरे लोक आयडा प्रो हा कोड उलगडणारा विकतचा प्रोग्रॅम वापरतात, तो इथे क्रॅक करून ठेवलाय, इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस बंद करा.

शेवटच्यापासूनच धरतो. पहिल्या चार मुद्द्यांनी फार तर वेळ वाया जाईल, पाचव्याने मशीन हातचं जाईल.

नोव्हेंबर 2021 मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने नेमकं हेच प्रकरण उघड केलं. आयडा प्रो 7.5 ची चोरटी प्रत फिरत होती आणि उत्तर कोरियाशी जोडल्या जाणाऱ्या लाझारस या हॅकर टोळीने तिच्यात दोन डीएलएल (प्रोग्रॅमला जोडल्या जाणाऱ्या कोडच्या फाइली) घुसवल्या होत्या. पहिली इन्स्टॉलेशन चालू असतानाच चालायची आणि विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, एक काम नोंदवून ठेवायची. त्या कामातून दुसरी सुरू व्हायची. ही ‘आयडाहेल्पर’ नावाने आयडाच्या प्लगइन फोल्डरमध्ये साळसूदपणे बसलेली असायची, आणि पुढचा माल बाहेरच्या सर्व्हरवरून उतरवून घ्यायचा प्रयत्न करायची.

टोळीने नेमका आयडाच का निवडला? कारण तो उघडणारा माणूस बहुधा सुरक्षा संशोधक असतो, आणि अजून जाहीर न झालेल्या त्रुटी त्याच्या मशीनवर सापडू शकतात. त्याच वर्षी जानेवारीत गूगलच्या थ्रेट ॲनालिसिस ग्रुपने सांगितलं होतं की उत्तर कोरियाचेच लोक ट्विटरवर खोटी खाती काढून संशोधकांशी ओळख वाढवतात, ‘मिळून काम करू’ म्हणतात आणि विषारी व्हिज्युअल स्टुडिओ प्रोजेक्ट पाठवतात. मालवेअर उकलायला शिकणाऱ्याने अशा वस्तीत राखणदाराला सुट्टी देऊन दार उघडं टाकायचं, असा हा सल्ला आहे!

‘अँटिव्हायरस खोटं ओरडतो’ हे मेसेजातलं कारण कधीकधी खरं असतं, तेवढं कबूल. डीबगर लपवणारे प्लगइन त्याला संशयास्पद वाटू शकतात. पण म्हणून काय, रोजच्या लॅपटॉपवर तो बंद करायचा? व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आत चालणारा वेगळा आभासी संगणक) करा, स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर पूर्वस्थितीला परतता येतं, नेटवर्क तोडा. आणि आयडाच हवा असेल तर हेक्स-रेज कंपनी स्वतःच फुकट आवृत्ती देते. मर्यादा आहेत, पण शिकायला पुरते.

आता ऑली. त्याच्याबद्दल वाकडं बोलवत नाही, एका पिढीने हे काम त्याच्यावरच शिकलं. 32 बिटचा जुना क्रॅकमी (सरावासाठी मुद्दाम बनवलेलं कोडं) सोडवायला तो आजही चालेल. पण 1.10 आवृत्ती 2004 ची, 2.01 ही 2013 ची, आणि 64 बिटची कधी आलीच नाही. अडचण फक्त ‘फाइल उघडत नाही’ एवढीच नाही. 32 बिटमध्ये पडद्यावर संदेश दाखवणाऱ्या मेसेजबॉक्स फंक्शनवर ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम तिथे थांबवणारी खूण) लावला की दाखवायचा मजकूर स्टॅक या मेमरीच्या भागावर शोधायचा, हे पोरं पाठ करतात. 64 बिट विंडोजमध्ये पहिले चार आर्ग्युमेंट (फंक्शनला दिलेली मूल्यं) आरसीएक्स, आरडीएक्स, आर8, आर9 या रजिस्टरांत, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कप्प्यांत जातात, मजकुराचा पत्ता आरडीएक्समध्ये असतो. ऑलीवर पक्की झालेली सवय इथे उलटी अडवते. एक्स64डीबीजी घ्या: मुक्त स्रोत, 32 आणि 64 दोन्ही, खिडक्यांची मांडणी ऑलीसारखीच. एफ2, एफ7, एफ8, एफ9 ही बटणंसुद्धा तीच. मग हट्ट कशाचा?

गिड्रा एनएसए या अमेरिकन गुप्तचर संस्थेचं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मार्च 2019 मध्ये त्यांनीच गाजावाजा करून ते बाहेर काढलं, सोर्सही खुला आहे. 9.0 मध्ये डीबग मोडने चालवलं तर 18001 हा पोर्ट (बाहेरून जोडणीची वाट) सगळ्या नेटवर्कला उघडा राहायचा, हे खरं. तो घोळ लगेच सापडला आणि दुरुस्तही झाला. मात्र डीबगर त्यात 2021 च्या 10.0 मध्ये आला. त्यामुळे कोड वाचायला गिड्रा जरूर घ्या, पहिला डीबगर म्हणून मी सुचवणार नाही. माझ्या या नकाराचा हेरगिरीशी संबंध नाही.

विनडीबीजीचं म्हणाल तर कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरायचं असेल तर तोच लागतो, एक्स64डीबीजी तिथे पोचत नाही. पण साधा प्रोग्रॅम रेकॉर्ड करून उलटा चालवण्याची टाइम ट्रॅव्हल डीबगिंगची सोयही त्यात आहे. हे बिघडलेलं मूल्य कोणी लिहिलं, ते शोधायला मागे मागे जाता येतं. ही सोय ड्रायव्हरवाल्यांपुरती कशी? आणि हो, तोही फुकटच आहे.

लिनक्सचा मेसेजात उल्लेखच नाही. तिथे जीडीबी हा डीबगर, सोबत त्याला जोडायचं पीडब्ल्यूएनडीबीजी हे प्लगइन.