लोण्याची वाकडी सुरी

माझ्या मुलाने शाळेत केलेली पहिली लाकडी वस्तू म्हणजे पावाला लोणी लावायची सुरी. मूठ एका अंगाला कललेली, पातं एका जागी कागदाइतकं पातळ, तर दुसऱ्या जागी बोटभर जाड. टोकाजवळ एक खाच आहे. ती नक्षी नव्हे, तिथे त्याचा हात घसरला होता. हे सगळं करायला त्याला चार आठवडे लागले. फिनलंडमध्ये ही सुरी म्हणजे मुंजीसारखा एक संस्कारच आहे. आमच्या शेजारच्या आजींच्या खणात अशा तीन सुऱ्या आहेत, आणि तिन्ही वाकड्या.

सुरी घरी आली त्याच आठवड्यात ठाण्याहून वहिनीचा फोटो आला. रेवाने, म्हणजे माझ्या भाचीने, घोडबंदर रोडवरच्या एका छंदवर्गात शाडूचा गणपती केला होता. रेखीव सोंड, मुकुटावर मोत्यांची ओळ, पितांबराच्या मोजून घ्याव्यात अशा चुण्या. आठ वर्षांच्या मुलीने दोन तासांत! मी लगेच ‘वा वा’ लिहून पाठवलं. मग फोटो मोठा करून पाहिला. मागच्या टेबलावर आणखी अकरा गणपती बसले होते आणि अकराही जणांची सोंड तितकीच रेखीव होती.

साच्याला माझा विरोध नाही. पेणचे कारागीरही साचे वापरतात, पण ते आधी वर्षानुवर्षं माती मळतात. इथे मुलीच्या हाती साचा देऊन तिने माती दाबायची, ताईंनी साचा उघडायचा, कडा ताईंनी पुसायच्या, डोळे ताईंनी काढायचे आणि मग मुलीसकट फोटो घ्यायचा. त्या ताईंनाही दोष कसा देऊ? दोन तासांत बारा मुलांच्या हाती काहीतरी देखणं देऊन घरी पाठवायचं ही त्यांच्या धंद्याची अट आहे. ओबडधोबड गोळा घेऊन मूल घरी गेलं तर पुढच्या वर्गाला कोण येईल?

फी बाराशे रुपये होती, हे कळल्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चालला. दादाच्या मते हे पैसे पाण्यात गेले. वहिनीचं म्हणणं, निदान दोन तास मोबाइल हातात नव्हता. आईने नेहमीप्रमाणे ‘आमच्या वेळी हे फुकट होतं’ हे जाहीर केलं. आणि शेवटी, व्हायचं तेच झालं. कुणीतरी लिहिलं, ‘फिनलंडमध्ये बघा कसं असतं,’ आणि सगळे माझ्याकडे वळले. शिक्षणाच्या चर्चेत आपल्याकडे फिनलंड हे खोबरेल तेलासारखं वापरतात, कुठेही चोळावं. नऊ वर्षं इथे राहिल्यावर मला त्या तेलाचा वास सहन होईनासा झालाय. तेव्हा आधी इथलं खरं सांगते.

हेलसिंकीला लागून असलेल्या एस्पोमध्ये आम्ही राहतो. मुलाच्या शाळेत ‘कॅसित्यो’ नावाचा विषय आहे. कॅसि म्हणजे हात, त्यो म्हणजे काम. आपल्या जुन्या शाळांच्या वेळापत्रकातला ‘हस्तव्यवसाय’ अगदी शब्दशः. उनो सिग्नेउस नावाच्या फिनिश शिक्षणतज्ज्ञाच्या आग्रहावरून १८६६ च्या सरकारी आदेशाने तो इथल्या लोकशाळांत सक्तीचा झाला आणि आजही सातवीपर्यंत सक्तीचाच आहे. पूर्वी मुलं सुतारकामाकडे आणि मुली शिवणाकडे अशी वाटणी चाले. २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात दोन्ही एकत्र आले. माझा मुलगा शिलाई मशिनवर उशीचा अभ्रा शिवतो आणि त्याच्या वर्गातल्या मुली ड्रिल चालवतात. याचं कुणी कौतुकही करत नाही, हे मला जास्त आवडतं.

या विषयाच्या अभ्यासक्रमात ‘संपूर्ण काम’ अशी एक कल्पना आहे. काय करायचं हे मुलाने ठरवायचं, कागदावर काढायचं, करायचं आणि शेवटी आपलं कुठे चुकलं ते स्वतः सांगायचं. सुरी दुसऱ्या आठवड्यात मोडली होती. शिक्षक शेजारीच उभे होते, पण त्यांनी हात लावला नाही. मुलगा रडला. घरी येऊन ‘मला हे येत नाही’ म्हणाला. पुढच्या तासाला नवं लाकूड मिळालं आणि पुन्हा पहिल्यापासून. लाकूड शाळेचं, हत्यारं शाळेची, आणि मुख्य म्हणजे वेळ शाळेचा. एकदा बोट कापलं तेव्हा शाळेतून एका ओळीचा निरोप आला: ‘छोटी जखम, पट्टी लावली आहे, काम चालू आहे.’ ठाण्यात असं झालं असतं तर पालकांच्या ग्रुपवर त्या रात्री कुणाला झोप लागली नसती. माझाही पहिला हात फोनकडेच गेला होता. नवऱ्याने तो काढून घेतला.

याशिवाय २०२१ पासून इथे सरकारी खर्चाने छंदवर्ग चालतात. शाळेच्या आवारात, शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर, फुकट. काय शिकायचंय ते मुलांनाच विचारतात. आमच्या शाळेत एका हंगामात माती, स्वयंपाक आणि ॲनिमेशन होतं. माझ्या मुलाने स्वयंपाक घेतला आणि आता दर रविवारी आमच्याकडे एकाच चवीचे पॅनकेक होतात.

आता दुसरी बाजू. पिसा या शालेय मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांत फिनलंडचे गुण २००६ नंतर घसरत आलेत आणि इथलेही पालक त्यावर तावातावाने भांडतात. पोराला आइस हॉकी खेळवायची तर खर्च असा, की ऑफिसातला एक सहकारी त्याला दुसरं गृहकर्ज म्हणतो. आणि माझ्या मुलाच्या सुतारकामाच्या तुकडीत चौदा मुलं आहेत. ठाण्यातल्या पन्नास-साठच्या वर्गात चौदा करवती फिरल्या तर बाई राजीनामाच देतील, आणि तो मंजूर करायला हवा.

म्हणून ‘फिनलंडसारखं करा’ असं मी म्हणणार नाही. मला वेगळंच खुपतं. हातकामाला पैसे मोजून दोन तासांसाठी बोलवावं लागतं, असं ठाणं कधीपासून झालं?

माझे बाबा ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसीची सुरुवात झाली तीही वागळे इस्टेटमध्येच. आमच्या नौपाड्याच्या चाळीत अर्ध्या घरांतला कुणी ना कुणी फिटर, टर्नर, नाहीतर वेल्डर. संध्याकाळी बाबा घरी आले की शर्टाला कूलंटचा वास यायचा. कानस कशी धरायची, पत्रा कापताना बोटं कुठे ठेवायची, हे सगळं त्यांच्या हातात होतं. आणि त्यातलं काहीही त्यांनी मला शिकवलं नाही. एकदा मी कारखाना बघायचा हट्ट धरला तेव्हा म्हणाले, ‘तुझे हात काळे होऊ नयेत म्हणून तर मी माझे करतोय.’

मला वाटतं, आपल्या सगळ्या वादाचं मूळ या वाक्यात आहे. हातकामाला आपल्याकडे जात चिकटलेली आहे आणि पगारही. जे आपल्या आधीच्या पिढीने पोटासाठी केलं, ते मुलांनी करू नये म्हणून आपण शिकलो. आता मुलांना तेच रंगीत डब्यात घालून ‘रोबोटिक्स किट’ म्हणून आणतो, कारण डब्यातल्या स्क्रूला गॅरेजचा वास येत नाही. पोराला पंचपाखाडीतल्या सायकलवाल्याकडे आठवडाभर पंक्चर काढायला बसवा असं मी एकदा गमतीत म्हटलं, तर वहिनी चार दिवस बोलली नाही.

वर्ध्याच्या १९३७ च्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा शिक्षण हातातल्या उद्योगातून द्यायचं हीच कल्पना होती. आपल्या शाळांत तिचं जे उरलं त्याचं नाव ‘कार्यानुभव’. माझ्या शाळेत आठवड्याला एक तास. तो गणिताच्या बाई पोर्शन पुरा करायला मागून घ्यायच्या. वर्षअखेरीला वस्तू सादर करायची असायची, म्हणून आदल्या संध्याकाळी स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात रांग लागायची. क्रेप कागदाची फुलं, थर्माकोलचं घर, आइस्क्रीमच्या काड्यांचं पेनस्टँड, सगळं तयार मिळायचं. मला फुलदाणीसाठी दहापैकी नऊ मिळाले होते. बाबा घरात बसले होते, कानस बाजूला होती, आणि मी दुकानातून फुलदाणी आणली होती.

धोरणांमध्ये आता सगळं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस आहेत. सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे मुलांनी जाऊन शिकावं असं त्यात लिहिलंय. महाराष्ट्राने २०२४ मध्ये शनिवारी उपक्रम करायचा ‘आनंददायी शनिवार’ आणला, तो पहिलीपासून. बरं झालं, खरंच. पण दहा दिवसांत सुरी होते, सुरी मोडून पुन्हा होत नाही. मुलाला बिघडवायला वेळ हवा, आणि बिघडवायचा वेळ विकत घ्यायला गेलं तर कुणालाच परवडत नाही. ना क्लासवाल्या ताईंना, ना पालकांना. तो फक्त शाळेच्या वेळापत्रकात मावतो, दर आठवड्याला, कंटाळा येईपर्यंत. आनंददायी नसला तरी चालेल.

आणि यासाठी एस्पोला यायची गरज नव्हती. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, २०१४ मध्ये पालघरला गेला. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणणार, म्हणून त्यांनी बिया, दगड, पानं, शिंपले मुलांच्या हाती दिले. मुलं गुरं राखायला जात, तर शाळाच कुरणात नेली. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमिती शिकवली. दोन्ही गोष्टी कुठल्याही ठाणेकर शिक्षकाला माहीत असतात. त्यावर भाषणंही होतात.

त्याहून जवळचं सांगू? दिवाळीचा किल्ला. त्याला प्रवेशशुल्क नव्हतं, प्रमाणपत्र नव्हतं. चाळीच्या मागच्या अंगणात दगडविटा रचायच्या, वर पोतं भिजवून टाकायचं, माती लिंपायची, अळीव पेरायचे आणि ते हिरवे होईपर्यंत रोज सकाळी धावत बघायला जायचं. बुरूज दरवर्षी ढासळायचा. तो का ढासळला यावर जी भांडणं व्हायची, ती माझ्या इंजिनीअरिंगच्या चार वर्षांतल्या कुठल्याही व्हायव्हापेक्षा गंभीर होती. आता दादाच्या सोसायटीत पोडियमवर माती आणायला बंदी आहे, टाइल्स खराब होतात. किल्ला तयार मिळतो, रंगवलेला, बुरुजांसकट. रेवा त्यावर मावळे मांडते.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, तेव्हा वहिनीचा सात मिनिटांचा आवाजी निरोप आला. तो मला इथे द्यायलाच हवा, कारण त्यातलं निम्मं मला खोडता येत नाही. ‘अगं, तुझा मुलगा एक वाजता सुटतो आणि चालत घरी येतो. माझी मुलगी स्कूलबसमध्ये सव्वा तास असते, मेट्रोच्या कामाने घोडबंदरचं काय झालंय ते येऊन बघ. मी सातच्या आत घरी पोचत नाही. हे वर्ग मी हस्तकलेसाठी घेत नाही गं. तिला कुणीतरी बघणारं हवं, आणि ते कुणीतरी टीव्ही नसावं, एवढंच माझं म्हणणं. तुझ्याकडे शाळा करते ते. माझ्याकडे बाजार करतो. मी काय बाजाराच्या प्रेमात आहे का?’

यावर काय उत्तर देणार? माझ्याकडे ज्याचे पैसे करातून जातात, तिच्याकडे ते पाकिटातून जातात, आणि पाकिटातून गेले की बदल्यात सुबक वस्तू दिसावी लागते. मी एवढंच लिहिलं की बाराशेचा वर्ग घे, पण ताईंना सांग, रेवाच्या गणपतीला हात लावू नका. वहिनीने हसण्याचे चेहरे पाठवले. त्याचा अर्थ अजून लागलेला नाही.

रविवारी व्हिडिओ कॉलवर मी बाबांना सुरी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. ‘काचपेपर आडवा मारलाय. लाकडाच्या रेघांच्या दिशेने मारायचा.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘पण पातं त्याने स्वतः उतरवलंय. दिसतं.’ मी विचारलं, ‘आणि रेवाचा गणपती?’ ‘रंग छान दिलाय तिने,’ म्हणाले.

त्याच कॉलवर मी त्यांना गळ घातली. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस, दादाच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, तुम्ही आणि वागळे इस्टेटमधले तुमचे दोन निवृत्त मित्र. सहा मुलं, त्याहून जास्त नकोत. पत्र्याची पणती करायची, नाहीतर लाकडी सुरी. ते नको नको म्हणाले, मग कानस आहे का बघायला माळ्यावर चढले. आई खालून ओरडत होती.

सेक्रेटरींना हमीपत्र हवंय आणि करवत क्लबहाउसच्या आत नकोय, बाहेर चालेल. तासाभरात वहिनीकडे एकोणीस नावं जमली. मग तिने बाबांना विचारलं, ‘शेवटच्या दिवशी प्रदर्शन ठेवायचं ना? नाहीतर पालक येणार नाहीत.’

‘येऊ नका म्हणावं,’ बाबा म्हणाले, आणि कापलेल्या बोटांना लावायच्या पट्ट्या किती आणून ठेवायच्या ते विचारलं.