कूलंट कमी होतंय म्हणजे हेड पॅकिंगच गेलं?

ट्रकमालक आणि चालकांच्या गटांत एक संदेश सतत फिरतो. सारांश असा: कूलंट कमी होतंय आणि बाहेर थेंब दिसत नाही, म्हणजे हेड पॅकिंग (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधली गॅस्केट) गेलं. खात्रीसाठी कूलंटच्या टाकीचं झाकण काढून इंजिन चालू करा. बुडबुडे आले, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला किंवा ऑइल दुधाळ झालं, की हेड खोला. तोवर साधं पाणी भरत राहा. या सल्ल्यापायी चांगली हेडं उतरवली जातात, हजारोंचा खर्च होतो आणि गळती तिथल्या तिथेच राहते. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

"बाहेर थेंब नाही, म्हणजे गळती आतच." गरम ब्लॉकवर झिरपलेलं कूलंट जमिनीवर पडायच्या आत वाफ होऊन जातं. मागे उरतो तो पांढरट, हिरवा किंवा गुलाबी थर. तो टॉर्च घेऊन शोधा: वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकाशी, होजच्या क्लिपांखाली, स्टार्टरच्या आड लपलेल्या डमी प्लगवर (ब्लॉकमधली भोकं बंद करणारी धातूची बुचं), रेडिएटरच्या टाकीच्या सांध्यावर. केबिनला हीटर असेल तर पायाखालची मॅट उचलून बघा. मग प्रेशर टेस्ट. इंजिन थंड, पातळी खुणेपर्यंत, आणि झाकणावर लिहिला असेल तेवढाच दाब हातपंपाने द्या; जास्त नाही. १५-२० मिनिटांत काटा उतरला तर गळती आहे. हीच टेस्ट पहाटे थंड इंजिनवर आणि पुन्हा इंजिन गरम असताना करावी (झाकण काढण्यापुरतं ते निवू द्या), कारण क्लिपेची गळती बऱ्याचदा फक्त थंडपणी होते, तर धातूची चीर गरम झाल्यावरच उघडते.

खुद्द झाकण तपासायला लोक हमखास विसरतात. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं, १ बार दाबाखाली ते १२५ अंशांपर्यंत टिकतं. झाकणातली स्प्रिंग थकली की कसारा किंवा खंबाटकी चढताना ओव्हरफ्लो नळीतून कूलंट रस्त्यावर जातं आणि गाडी उभी केल्यावर सगळं कोरडं दिसतं. टाकी वरच्या खुणेच्या वर भरली असेल तरी जादा कूलंट पहिल्याच तापण्यात बाहेर फेकलं जातं. ती गळती नव्हे.

"बुडबुडे म्हणजे हेड पॅकिंग." सर्वांत जास्त नुकसान या वाक्याने होतं. अवजड ट्रकमध्ये ब्रेकसाठी हवा भरणाऱ्या एअर कॉम्प्रेसरचं हेड इंजिनच्याच कूलंटने थंड होतं. त्याचं पॅकिंग गेलं की ब्रेकची हवा थेट कूलंटमध्ये शिरते आणि टाकी अगदी तशीच खदखदते. फरक ओळखणं सोपं आहे. चाकांना लाकडी ठोकळे लावा, थंड इंजिन चालू करा, ब्रेक दाबून हवेचा दाब उतरवा. कॉम्प्रेसर हवा भरत असताना बुडबुडे जोरात आणि कट-ऑफ होऊन (दाब पुरेसा झाल्यावर भरणं थांबून) हवेतला ओलावा काढणारा ड्रायर फुसकन हवा सोडतो तेव्हा कमी, असं होत असेल तर आधी कॉम्प्रेसर बघा. एअर टाक्यांचे ड्रेनही उघडा. हवेसोबत रंगीत चिकट पाणी आलं तर दुसऱ्या पुराव्याची गरज नाही.

बुडबुडे कट-ऑफनंतरही तसेच राहिले तर वायू तपासणारा निळा द्रव वापरा. ज्वलनाचा वायू मिळाला की तो पेट्रोल इंजिनवर पिवळा होतो, डिझेलवर साधारण हिरवटपर्यंतच जातो. शिवाय आयडलवरच्या डिझेलच्या धुरात कार्बन डायऑक्साइड फार कमी असतो, त्यामुळे रंग बदलला नाही एवढ्यावर इंजिन निर्दोष ठरवू नका. लोडवर चालवून आणल्यावर पुन्हा तपासा. आणि रंग बदलला तरी पॅकिंगखेरीज इंजेक्टरची स्लीव्ह (त्याच्याभोवतीची नळी), हेडमधली चीर किंवा फुटलेला ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने थंड करणारा भाग) यांपैकी काहीही असू शकतं.

"पांढरा धूर म्हणजे पाणी जळतंय." थंड इंजिनचा, डोळे झोंबवणारा आणि हवेत रेंगाळणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो. वाफ लवकर विरते आणि तिला गोडसर वास असतो. गाडीला ईजीआर कूलर असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. ईजीआर व्हॉल्व्ह काढा, काजळीच्या जागी ओल किंवा पांढरे खडे दिसले तर कूलर उतरवा, कूलंटची तोंडं बंद करून कंपनीने सांगितलेला हवेचा दाब द्या आणि गरम पाण्यात बुडवा. थंड पाण्यात काही चिरा बंदच राहतात. ज्या गाड्यांत फक्त एससीआर (धुरात युरियाचं द्रावण फवारून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा) आहे त्यांत हा कूलर नसतो, तेव्हा आधी तो आहे का ते पाहा.

"दुधाळ ऑइल म्हणजे हेड." फिलर कॅपखालचा पिवळसर फेस पावसाळ्यात, कमी अंतराच्या फेऱ्यांत नुसत्या दमटपणानेही येतो. चेंबरमधलंच (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतलंच) ऑइल दुधाळ असेल तर ऑइल कूलर आणि लायनरच्या (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळीच्या) ओ-रिंगा, म्हणजे रबरी सील, आधी तपासा. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ऑइल कूलर फुटला की कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग येतो; बंद केल्यावर उलट कूलंट ऑइलमध्ये उतरतं. ओ-रिंगसाठी चेंबर उतरवा, कूलंटच्या सिस्टिमला दाब द्या, खाली कोरडा पुठ्ठा ठेवा आणि थेंब कोणत्या लायनरखाली पडतो ते पाहा. कमिन्सच्या ६.७ लिटर बी सीरिजसारख्या इंजिनात वेट लायनर (बाहेरून थेट कूलंट लागणारे लायनर) मुळात नसतात, तिथे हा संशयच घेऊ नका. अगदी सुरुवातीची गळती डोळ्यांना दिसत नाही. प्रयोगशाळेत ऑइलच्या नमुन्यात सोडियम आणि पोटॅशियम वाढलेलं सापडतं, कारण पाणी उडून जातं आणि कूलंटचे क्षार मागे राहतात.

"तोवर साधं पाणी चालतं." ४० लिटरच्या सिस्टिममध्ये थोडं थोडं करून १० लिटर गेलं आणि तेवढं पाणी भरलं की ५० टक्क्यांचं मिश्रण ३९ टक्क्यांवर येतं. बोअरच्या पाण्याने क्षार साचतात ते वेगळेच. वेट लायनरच्या बाहेरच्या बाजूला कंपनामुळे बारीक बुडबुडे फुटून धातूला खड्डे पडतात; कूलंटमधली संरक्षक रसायनं विरळ झाली की हे वेगाने होतं आणि शेवटी लायनरला आरपार भोक पडतं. मग उभ्या गाडीत सिलिंडर पाण्याने भरतो. इंजिन सेल्फवर अडकलं तर पुन्हा मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकेल. इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवा.

हे सगळं तपासून झाल्यावरच हेड खोला. खोललं की ते सपाट आहे का ते स्ट्रेट एज आणि फीलर गेजने मोजा, चिरेसाठी प्रेशर टेस्ट करून घ्या, आणि लायनर असतील तर प्रत्येकाची ब्लॉकवरची उंची कंपनीच्या मापाशी ताडून पाहा. एखादा लायनर खाली बसला असेल तर नवं पॅकिंग त्याच जागी पुन्हा जळेल.