उघडाबंब

गेल्या आठवड्यात घृष्णेश्वराच्या रांगेत एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या बरगड्या मोजल्या. मनातल्या मनात नाही, बोट लावून. उजवीकडच्या सहा स्पष्ट आणि सातवी "आहे, पण लाजतीये" असा निकाल त्यांनी बायकोला मोठ्याने कळवला. पुढची अकरा माणसं सातवी बघायला वळली.

मी तिथे कसा पोचलो ते थोडक्यात. एक नोकरी सोडली होती, दुसरी सुरू व्हायला नऊ दिवस होते. अशा वेळी माझ्या वयाची पोरं गोव्याला जातात. मला अध्यात्माची उबळ आली. पाठीवर सॅक, तांब्याची बाटली, लाल एसटी आणि महाराष्ट्रातली पाच ज्योतिर्लिंगं. पाच की तीन, असं विचारू नका. परळी आणि औंढा मोजले की देवघर-द्वारकेकडची माणसं भांडायला येतात, न मोजले की परळीची येतात. मला परळीत जेवायचं होतं, म्हणून मी पाच मोजतो.

भीमाशंकरला धुकं होतं, त्यामुळे मन प्रसन्न झालं की नुसतं ओलं झालं ते कळलं नाही. त्र्यंबकेश्वरला मी सोमवारी गेलो. सोमवारी त्र्यंबकला जाणं म्हणजे संध्याकाळी सातला दादरला उतरणं, फक्त इथे लोकल येत नाही. साडेपाच तास रांग, मग वर लावलेल्या आरशात देवाचं दर्शन. त्या आरशात मला देवापेक्षा माझ्या पुढच्या माणसाचं टक्कल जास्त वेळ दिसलं. तरी तक्रार नाही. माणूस तीर्थयात्रेला निघाला की पहिले दोन दिवस त्याच्या चेहऱ्यावर एक दिव्य हसू असतं. माझं वेरूळपर्यंत टिकलं.

वेरूळला पोचलो तो मंगळवार होता. लेणी मंगळवारी बंद असतात हे मला मंगळवारीच कळलं. म्हणजे डोंगरात कळसापासून खाली कोरत आणलेलं अख्खं कैलास मंदिर हाकेच्या अंतरावर, आणि मी फाटकावरची पाटी वाचतोय. ठीक आहे, म्हटलं, आपण देवासाठी आलोय.

घृष्णेश्वराचा नियम असा की पुरुषांनी गाभाऱ्यात उघड्या अंगाने जायचं. शर्ट काढा, बनियन काढा, चामड्याचा पट्टा काढा. बायकांनाही थेट गाभाऱ्यात जाता येतं, पिंडीला हात लावता येतो. हे चांगलंच आहे आणि पुष्कळ ठिकाणी नाही. नियमाबद्दल माझं काही म्हणणं नाही. देवासमोर सगळे सारखे, असा त्यामागचा विचार असावा. पण शर्ट काढल्यावर माणसं सारखी दिसतात हा शुद्ध गैरसमज आहे. शर्टातच ती सारखी दिसतात. त्या रांगेत एक पोट पायरीपायरीने उतरत होतं, एक एकदम कड्यासारखं तुटत होतं, एकाच्या पाठीवर इतके केस होते की त्याला सांगावंसं वाटलं, तुमचा स्वेटर राहिला. आणि त्या सगळ्यांत मी. पट्टा लॉकरमध्ये, पँट दोन इंच सैल (नोकरी सोडायच्या आधीचे सहा महिने मी जेवत नव्हतो, मीटिंगा करत होतो), त्यामुळे डावा हात कायम कमरेवर.

"खातोस काय रे?" मागून आवाज आला. हेच ते काका.

साठीच्या पुढचे, पँट बेंबीच्या चार बोटं वर, गळ्यात रुद्राक्ष, खांद्यावरून जानवं, त्याला कपाटाची किल्ली बांधलेली. शेजारी काकू. काकूंच्या हातात काकांचा शर्ट, काकांचं बनियन, काकांच्या चष्म्याचं घर आणि चाळीस वर्षांचा थकवा. मी टी-शर्टचा बोळा करून काखेत धरलेला पाहून त्यांनी तो न विचारता काढून घेतला, झटकला, चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवला. "बाहेर आलास की देते," म्हणाल्या. या संपूर्ण यात्रेत मला कुणी केलेली ही पहिली मदत. तिचं पुढे काय झालं ते सांगतो.

"खातो की काका," मी म्हणालो.

"मग जातं कुठे? अगं बघ, सहा दिसतायत. सातवी आहे, पण लाजतीये."

"अहो, पुरे," काकू म्हणाल्या. हे दोन शब्द त्या इतक्या सरावाने म्हणायच्या की त्यांत आता अर्थ उरला नव्हता.

बरगड्या संपल्यावर काका पाठीकडे वळले. माझ्या डाव्या खांद्यापासून उजव्या कमरेपर्यंत त्यांनी नजरेने एक तिरकी रेघ ओढली. मग खालचा आवाज काढून, जणू माझ्या पँटची चेन उघडी आहे असं सांगावं तसं विचारलं, "जानवं घरी राहिलं का?"

"मी घालत नाही, काका."

"घालत नाहीस," काका म्हणाले आणि थोडं थांबले, "की नाहीच?"

मराठीत एवढा कमी शब्दांचा आणि एवढा मोठा प्रश्न मी दुसरा ऐकलेला नाही. माझ्या चेहऱ्यावरचं दिव्य हसू तिथेच रांगेत गळून पडलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. पण उघड्या माणसाला तेही धड जमत नाही, कान झाकायलाही काही नसतं.

"नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं.

"पुढे?"

मी वडिलांचं नाव सांगितलं.

"त्याच्या पुढे?"

"पुढे रांग सरकली, काका."

खरंच सरकली होती. देवाने त्या दिवशी माझ्यासाठी केलेली ही एकमेव गोष्ट. पण रांग दोन पावलं सरकली आणि काका तीन. आता त्यांनी वळसा घेतला.

"गाव कोणतं?"

"पुणे."

"पुणे हे गाव नाही. मूळ गाव?"

मूळ गाव सांगितलं. तालुक्याला त्यांचा एक साडू निघाला, पण त्या गावात सगळेच राहतात म्हणून निकाल लागेना.

"कुलदैवत?"

"खंडोबा."

काकांचा चेहरा पडला. "खंडोबा सगळ्यांचाच असतो," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात. जणू खंडोबाने जरा निवडून भक्त घ्यायला हवे होते. मग आशेने, "जेजुरीचा की पालीचा?"

"काका, जो जवळ पडेल तो."

"आणि गोत्र? अभिषेकाला सांगावं लागेल हं."

"काश्यप."

काका विजयी हसले. "काश्यप म्हणजे माहीत नाही!" हे मात्र त्यांचं बरोबर होतं. ज्याला गोत्र माहीत नसतं त्याला काश्यप सांगतात, हे मला माझ्या आजीनेच शिकवलं होतं.

तुम्ही एव्हाना माझं आडनाव काय असेल याचा अंदाज बांधायला लागला असाल. खंडोबा, काश्यप, जानवं नाही, आजी. मी सांगणार नाही. काकांना सांगितलं नाही आणि तुम्हालाही नाही.

काकांना मी खडूस म्हणणार नाही. मधल्या वेळात त्यांनी मला एक शेंगदाण्याचा लाडू दिला, माझी पँट घसरली तेव्हा मागून सावरली आणि घुश्मेची अख्खी गोष्ट सांगितली. रोज एकशे एक पार्थिव लिंगं करून तळ्यात सोडणारी घुश्मा, तिचा मत्सर करणारी सख्खी बहीण आणि सवत सुदेहा, तिने मारून त्याच तळ्यात टाकलेला मुलगा, आणि तरी पूजा न सोडणारी घुश्मा. शेवटी मुलगा जिवंत झाला आणि शंकर तिथेच राहिला. "आणि वर मागताना बहिणीला क्षमा कर म्हणाली," हे सांगताना काकांचा आवाज कापला. माणूस मनापासून चांगला. आणि आवाज सावरल्यावर पुन्हा, "आईचं माहेर कुठलं?"

इथे माझी गंमत संपली, खरं सांगतो. आदल्याच संध्याकाळी मी नाशकात काळारामाला जाऊन आलो होतो. २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे सत्याग्रह सुरू केला ते देऊळ. पुढे काही वर्षं लोक तिथे आत जाऊ द्या म्हणून मार खात राहिले आणि दार काही उघडलं नाही. मी मात्र चप्पल काढली आणि सरळ आत गेलो, कुणी अडवलं नाही. मनात म्हटलं, चला, हे एक संपलं. चोवीस तासही झाले नाहीत आणि मी वेरूळला उघडा उभा राहून माझ्या आईचं माहेर लपवतोय.

उत्तर होतं. सणसणीत होतं. फक्त ते मला रात्री साडेअकराला, लॉजच्या बाथरूममध्ये बादली भरताना सुचलं. उत्तर असं, की काका, हे देऊळ पुन्हा बांधलं कुणी? आधी वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांनी, मग अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी. आणि ज्या मालोजींनी ते बांधलं, त्यांच्या नातवाला, प्रत्यक्ष शिवाजी महाराजांना, १६७४ साली राज्याभिषेकाच्या आधी मुंज लावून घ्यावी लागली. तोवर शेकडो किल्ले घेऊन झाले होते. म्हणजे तुम्ही मला विचारलंत तेच त्यांनाही विचारून झालंय. भीमाशंकरला चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेतली, १७३९ सालची, पोर्तुगीजांच्या चर्चमधली घंटा टांगलीय. तिला कुणी गोत्र विचारत नाही. जो येतो तो वाजवतो. काय बिनतोड मुद्दे! बादली भरून वाहिली. ऐकायला एक पाल होती.

गाभाऱ्यात माझ्या वाट्याला चार सेकंद आले. उजवा हात पिंडीवर, डावा पँटवर. पाणी गार होतं, दगड गुळगुळीत होता, एक बेलाचं पान मनगटाला चिकटलं. एवढंच. पण ते चार सेकंद बरे होते, कारण काका माझ्या मागे होते आणि तोंडाने मंत्र म्हणत असल्यामुळे त्यांना काही विचारता येत नव्हतं.

बाहेर आलो तर काकू नाहीत. काका नाहीत. पिशवी नाही. टी-शर्ट नाही.

देवळाभोवती दोन फेऱ्या मारल्या, त्या प्रदक्षिणेत धरल्या गेल्या असतील तर धराव्यात. मग पार्किंगमध्ये गेलो. तिथे एका सुरक्षारक्षकाने मला थांबवून अत्यंत सौजन्याने सांगितलं, "दादा, दर्शन झालं ना? घाला आता कपडे." दुपारी दोनची वेळ, मराठवाड्याचं ऊन, आणि एक तरुण कमरेला हात लावून प्रत्येक गाडीच्या काचेत डोकावतोय. एका गाडीतल्या बाईंनी काच खाली करून मला दहा रुपये दिले. मी परत करीपर्यंत गाडी गेली.

ते दहा रुपये धरून मी समोरच्या दुकानात शिरलो. भगवा कुडता, छातीवर 'ॐ नमः शिवाय', पाठीवर त्रिशूळ, माप एकच, आणि ते माप काकांचं. अडीचशे रुपये. "दोनशेला द्या," मी म्हणालो. दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत फक्त पाहिलं. उघड्या माणसाला घासाघीस करता येत नाही. अडीचशे दिले.

तो टी-शर्ट काही भारी नव्हता. मागच्या कंपनीने बोनसऐवजी दिलेला, छातीवर 'आम्ही एक कुटुंब'. पण चार वर्षांच्या नोकरीतून हाती उरलेली वस्तू ती एकच. आणि काकू रांगेत म्हणाल्या होत्या, परवा सकाळी आम्ही औंढ्याला. मीही परवा औंढ्यालाच जाणार होतो. म्हणजे यात्रेत मी आता ज्योतिर्लिंगाच्या मागे होतो की टी-शर्टच्या, हे मला विचारू नका.

बुधवार एसटीत गेला. कंडक्टर मला "महाराज" म्हणाला आणि सुटे मात्र दिले नाहीत.

गुरुवारी औंढा नागनाथाच्या आवारात शिरलो आणि आधी आवाज ऐकू आला. काका देवळाच्या मागच्या बाजूला उभे राहून सात-आठ यात्रेकरूंना नामदेवांची गोष्ट सांगत होते. नामदेव इथे कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागे हो म्हणून हाकललं, ते मुकाट्याने देवळाच्या मागे जाऊन कीर्तन करायला लागले, तर देवाने अख्खं देऊळच त्यांच्याकडे फिरवलं. "नंदी बघा कुठे राहिला!" काका बोट दाखवून म्हणाले. "का हाकललं? तर जातीचा शिंपी म्हणून! अरे, भक्ती बघायची की जात?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. मलाही, काय सांगू, गलबलून आलं.

काकूंनी मला आधी पाहिलं. "आलास का रे! अरे, गर्दीत चुकामूक झाली, गाडीवाला थांबेना, दोन दिवस जिवाला घोर." पिशवीतून टी-शर्ट निघाला. धुतलेला, चार घड्या, उसवलेल्या काखेला दोन टाके घातलेले. मी तिथल्या तिथे कुडता काढला. वाकून पाया पडलो, तर काका डोळे पुसत जवळ आले आणि त्यांनी माझ्या उघड्या पाठीवर प्रेमाने थाप मारली.

"ये, ये! बरा भेटलास. परवा तुझं आडनाव राहिलंच."

मी टी-शर्ट डोक्यातून घालत होतो. तो जितका वेळ डोक्यात अडकवता येईल तितका अडकवला.