खासगी गुप्तहेराला वेगळा कायदा नाही

लग्नसराई आली की साताऱ्यातल्या घरोघरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. खासगी गुप्तहेराकडे सरकारी लायसन्स असतं, तो कुणाचाही पाठलाग करू शकतो, मोबाईलचे कॉल डिटेल्स काढून देतो, आणि त्यानं आणलेला पुरावा कोर्टात जसाच्या तसा चालतो, असा त्याचा मजकूर. मी हेच काम करतो. हा मेसेज वाचून आलेले आईबाप जे मागतात ते ऐकून पोटात गोळा येतो.

असं लायसन्स भारतात नाहीच. खासगी गुप्तहेर संस्थांसाठीचं विधेयक 2007 साली राज्यसभेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. 2005चा जो कायदा दाखवतात तो सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सींचा आहे. ऑफिसात फ्रेम करून लावलेला कागद बहुतेक वेळा शॉप अ‍ॅक्टचा, म्हणजे साध्या दुकान नोंदणीचा असतो.

आता पाठलाग. रस्ता, चौक, एसटी स्टँड, चहाचं हॉटेल, जिथे कुणीही उभं राहू शकतं तिथे मीही उभा राहतो आणि तिथून दिसतं ते वेळेसकट वहीत टिपतो. मुलगा सांगतो त्या कंपनीत शिफ्टला खरंच जातो का, राहतो म्हणतो तिथेच राहतो का, एवढं यातून नक्की कळतं. कंपाउंडच्या आत परवानगीशिवाय पाय टाकला की अतिक्रमणाचा गुन्हा लागू शकतो. खिडकीतून बाईचे खासगी क्षण टिपले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 77. आणि होणाऱ्या सुनेच्या मोबाईलमध्ये ॲप टाकून तिच्या मेसेजवर नजर ठेवणं म्हणजे कलम 78 खालचा पाठलागच, पहिल्याच गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद. ‘फक्त बघायचंय हो’ म्हणत हीच मागणी सगळ्यात जास्त येते. त्या मुलीला याचा पत्ताही नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

शिवाय मेसेजमध्ये वाटतं तितकं हे काम सोपं नाही, निदान साताऱ्यात तरी नाही. शाहूपुरीच्या एखाद्या गल्लीत अनोळखी माणूस दहा मिनिटं गाडीवर बसला की वरच्या गॅलरीतून आवाज येतो, ‘कोण पाहिजे?’ एमएच-12ची म्हणजे पुण्याची गाडी तर लगेच डोळ्यात भरते. म्हणून साताऱ्याच्या एमएच-11ची जुनी दुचाकी, आळीपाळीनं दोन-तीन माणसं, आणि घरासमोर न थांबता गल्लीच्या तोंडाशी थांबणं. पोवई नाक्याच्या ग्रेड सेपरेटरमध्ये, म्हणजे चौकाखालच्या भुयारी रस्त्यात गाडी शिरली की ती कुठून वर येणार हे आधी ठाऊक असावं लागतं. सुटली तर सुटली. सिग्नल तोडून मागे जायचं नाही, त्या दिवशीच्या रिपोर्टात ‘इथे संपर्क तुटला’ असं लिहायचं. ‘24 तासांत सगळी माहिती’ म्हणणारा यातलं काहीच करत नसतो.

गॅलरीतल्या काकूंना ‘पोलीस आहे’ किंवा ‘नगरपालिकेतून आलोय’ असं सांगून चौकशी रेटणं हाही गुन्हाच, न्याय संहितेचं कलम 204, किमान सहा महिने कैद.

कॉल डिटेल्सचा मुद्दा सगळ्यात घातक. कंपन्या ते पोलीस तपासासाठी किंवा कोर्टाच्या आदेशानं देतात. बाजारात मिळतात ते चोरीचेच. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी असे रेकॉर्ड विकणारी टोळी पकडली तेव्हा खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली. पैसे देऊन मागवणारा गिऱ्हाईकही अपप्रेरणेच्या, म्हणजे गुन्हा करायला लावण्याच्या गुन्ह्यात येऊ शकतो, हे मेसेज सांगत नाही. खरंच गरज असेल तर वकिलामार्फत कोर्टाकडे अर्ज करता येतो.

पुराव्याबाबत 14 जुलै 2025चा सुप्रीम कोर्टाचा निकाल पुढे केला जातो. तो नवरा-बायकोनं आपसातल्या बोलण्याच्या केलेल्या रेकॉर्डिंगबद्दल आहे. वैवाहिक खटल्यात ते चालेल, एवढंच कोर्टानं म्हटलं. तिऱ्हाईतानं चोरून ऐकायला त्यातून परवानगी मिळत नाही. माझ्या फोटोंसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईल बदललेली नाही हे तपासता येणारा तिचा आकडी ठसा, लिहावी लागते, आणि मला स्वतः पिंजऱ्यात उभं राहावं लागतं. समोरचा वकील विचारतो: तुम्ही नेमके कुठे उभे होतात? तिथून ते दार दिसतं का? तुम्हाला आत कुणी सोडलं? कुणालाही पैसे देण्याआधी हे तीन प्रश्न तुम्हीच त्याला विचारा.