आजोबांच्या रिव्हॉल्व्हरचे किती येतील?

कपाटाच्या तळाशी आजोबांचं रिव्हॉल्व्हर सापडलं? अभिनंदन, आता फ्लॅट बघायला लागा! आधी ओळखीतला जाणकार गाठा आणि रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर एकच हललेला फोटो टाका. खाली "किती येतील?" नमस्कार-चमत्कार नको. परवा मला असाच आला.

शिक्के आणि नंबर फोटोत येऊ देऊ नका. ते बघून कुणीही ओळखेल.

किंमत अमेरिकेतल्या लिलावाची धरा, गुणिले डॉलरचा भाव.

मूठ मात्र आधीच बदलून घ्या. फोटोतलं वेब्ली मार्क सहा म्हणजे ब्रिटिश फौजेने १९१५ साली घेतलेलं .४५५ बोअरचं रिव्हॉल्व्हर, मुठीला काळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे कडक केलेल्या रबराच्या पट्ट्या. कोण कळकट दिसतं ते! सुताराकडून शिसवी पट्ट्या करून घ्या. कडेला फट राहिली तर एम-सील आहेच. स्क्रू निघेना? हाताला लागेल तो पेचकस घाला, खाच झिजली की वस्तू आणखी जुनी वाटते. मूळ पट्ट्या भंगारवाल्याला. आणि आता एवढं केलंच आहे तर बफिंग मशीनवरही धरा. निळसर-काळा मुलामा, बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (हत्यारं तपासून पास करणाऱ्या संस्थेचे) ठसे, सरकारी बाणाची खूण, नंबर, सगळं घासून स्टीलच्या ताटासारखं लख्ख. वर मलाच विचारा, "अँटिक आहे ना?" अहो, होतं! पट्ट्या बदलल्याचं एवढं नाही हो, किंमत थोडी उतरते इतकंच. मूळच्या जपल्या असत्या तर एका स्क्रूवर परत बसल्या असत्या. घासलेला ठसा कुठून आणायचा? आणि नंबर खोडणं हा शस्त्र कायद्यानेच गुन्हा आहे, ते वेगळंच.

परवान्याचं कुणी विचारलं तर "आजोबांच्या नावावर होता" म्हणा.

आजोबा जाऊन किती वर्षं झाली? परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं, १९५९च्या कायद्याचं कलम २१ आहे. मग वारस म्हणून परवान्याचा अर्ज. "शंभर वर्षांचं आहे, त्याला काही लागत नाही" हे कुठल्या काकांनी सांगितलं? कलम ४५ची सूट दुरुस्त करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशा हत्याराला आहे. तुमचं सुटेल. आणि त्या फोटोत चापावर बोट लहान मुलाचं आहे! आत काडतूस आहे की नाही, एवढं तरी माहीत होतं का कुणाला? मला किंमत कसली विचारता? पोरांना त्या खोलीतून बाहेर काढा, कपाटाला कुलूप घाला आणि आधी ठाण्यात फोन करा.