इंजिनाची जन्मतारीख

गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यावर आमची एक बोट आहे. आमची म्हणजे माझी आणि साळ्याची. कर्ज माझं, कॅप्टनची टोपी त्याची. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत फिरायला येणाऱ्यांना चक्कर मारून आणतो. मागच्या दिवाळीत इंजिन घेतलं, वॉरंटी एक वर्षाची. एप्रिलात ते बसलं. बदलून मिळालं, पण ते आलं ७ जूनला, ऐन मृगाच्या तोंडावर. धरणाची ३३ दारं कधी उघडतील याचा नेम नाही. त्या दिवसांत वैनगंगेत बोट घालणाऱ्याला इंजिन नाही, चार खांदेकरी लागतात. तेव्हा खोकं जसंच्या तसं कोठीत, धानाच्या पोत्यांमागे. दिवाळी झाल्यावर काढलं. तीन दिवसांत चौदा तास चाललं. आवाज बदलला म्हणून खालच्या गिअरचा स्क्रू सोडला, तर तेलाऐवजी ताक. पांढरं, फेसाळ, फोडणी तेवढी बाकी होती. सीलमधून पाणी शिरलं की असं होतं, एवढं आता मलाही कळतं.

म्हणून परवा इंजिन मालवाहू टेम्पोत घालून नागपूर गाठलं. काउंटरवरच्या पोराने कॉम्प्युटरकडे बघतच सांगितलं, "वॉरंटी संपली सर. बारा दिवस झाले."

"अहो, हे जूनमध्ये आलं. आणि पाण्यात उतरून तीनच दिवस झाले."

"बदली इंजिनाला नवीन वॉरंटी नसते सर. जुन्याची उरलेली असते."

म्हणजे बाप मेला, पोरगं झालं, आणि पोराचं वय बापाच्या पत्रिकेवरून मोजायचं.

एवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बराबर सांगून रायला तो."

वळून पाहिलं. सत्तरीचे एक मामाजी. मांडीवर लेकरू घ्यावं तसा पाण्याचा पंप घेऊन बसलेले, पंपावर दुपट्टा पांघरलेला. दुकानात बोटीची इंजिनं सांगितल्यावरच मागवतात. रोजचा धंदा पंप, फवारे आणि जनरेटरचा.

"काय बराबर आहे जी?" मी जरा चिडूनच विचारलं.

"कागदावर जे जलमलं तेच जलमलं. माया मायनं सांगतलं, तू तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला. बाहेर लोकं 'घेऊन जा गे मारबत' वरडत होते, अन् मी येऊन रायलो होतो. पन गुरुजीनं शाळेत १ जुलै लिवली. अख्ख्या वर्गाची १ जुलै. अन् वर्सं दोन जास्तीची, पोरगं अंगानं थोराड दिसते म्हून."

"मग?"

"मंग काय! सरकारी चौकीदार होतो. साठ झाले म्हून ३० जूनले घरी धाडलं. साहेबाले म्हनलं, मी अजून अठ्ठावनचा बी नाई. साहेब म्हने, कागद आन. म्हनलं, कागद तं नाई, माय आहे. आनू का?"

"आणली?"

"आनली ना जी! ऑफिसात खुर्चीवर बसवली. चहा पेली, मारबतीची गोठ सांगतली, सगळे हासले. साहेबानं तिले घरी जाले ऑटो करून देला. अन् मले रिटायर केलं."

तो पोरगाही हसला. मला हसू आलं नाही. माझे टेम्पोचे पैसे चढत होते. शिवाय माझ्याकडे आणायला माय कुठली? साक्षीदार म्हणजे कोठीतले उंदीर.

मी तासमीटर दाखवला: चौदा तास. ट्रॅक्टरची वॉरंटी तासांवरही असते, हे खेड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पोरगा म्हणाला, "तिथेही 'तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते' असतं सर." जे आधी होईल ते. चार शब्द, आणि आजवर ग्राहकाच्या बाजूचं काही आधी झालेलं मी पाहिलेलं नाही.

खरी गंमत पुढे. आतून मेकॅनिक आला, ताकात बोट बुडवून म्हणाला, "पाच महिने पडून राहिलं ना, सील वाळलं. स्टोअरेजचा फॉल्ट आहे हा. वॉरंटी असती तरी क्लेम बसला नसता."

म्हणजे बघा. वॉरंटी मोजताना ते पाच महिने इंजिन वापरात होतं, आणि बिघाड सांगताना तेच पाच महिने ते न वापरता पडलं होतं. एकाच पावसाळ्याचं बिल दोनदा फाडलं. मी आवाज चढवला. पोरगा शांतपणे म्हणाला, "१९१५ वर तक्रार करू शकता सर." ग्राहक हेल्पलाइनचा नंबर तोंडपाठ! दिवसातून कितीदा सांगत असेल, देव जाणे.

तारखांचं म्हणाल तर आमच्या धरणाचं भूमिपूजन १९८८ चं. तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता, आता हजारो कोटींच्या गोष्टी चालतात, आणि कालव्यांची वाट पाहणारे अजून वाटच पाहतात. त्याची मुदत कोणी भूमिपूजनापासून मोजत नाही. दर वेळी नवीन तारीख मिळते. माझ्या इंजिनालाच तेवढा काटेकोरपणा.

सील आणि मजुरी धरून साळ्याच्या टोपीला शोभणार नाही असा आकडा निघाला. मी खिसे चाचपत असताना मामाजींचा नंबर लागला.

"पंप कधी घेतला?" पोराने विचारलं.

मामाजींनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकची थैली काढली. तिच्यातून वॉरंटी कार्ड निघालं. दुकानाचा शिक्का होता, सही होती. तारखेची जागा कोरी.

ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "तुमच्यापाशी पेन आहे का जी? अन् आज तारीख कोनती?"